जहिदाच्या पेल्याने चार पेले दूध

फॉर्मचा पहिला रकाना भरून झाला तेव्हा शेखर देवरे यांना वाटलं, अवघड भाग संपला.

‘पाककृती कोणाची (एकच नाव लिहावे)’ या रकान्यात त्यांनी कारखान्यात ड्रॉइंगवर लिहायचे तशा सरळ, एका उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं : सिंधू शेखर देवरे. खालचा रकाना होता ‘साहित्य (ग्रॅम / मिली)’. त्यासाठी त्यांनी सिंधूची डायरी उघडली आणि पुढची वीस मिनिटं ते तिथेच बसून राहिले.

सोसायटीला दहा वर्षं झाली म्हणून पाककृतींची पुस्तिका काढायची ही सेक्रेटरी प्रफुल्लची कल्पना. चोवीस फ्लॅट, प्रत्येकाने दोन पदार्थ द्यायचे : एक स्टार्टर आणि एक फळांचं गोड. “मधलं जेवण सगळ्यांनाच येतं, त्यात काय छापायचं?” असं प्रफुल्लचं म्हणणं. रविवारी पाच वाजता खालच्या हॉलमध्ये सगळ्यांनी पदार्थ करून आणायचे, समितीने चाखायचे आणि ज्याचा फॉर्म पूर्ण असेल त्याचंच छापायचं. प्रफुल्लला रिकामा रकाना सहन होत नसे.

तीन वर्षांपूर्वी सिंधू गेली, त्यानंतर शेखररावांनी सोसायटीच्या कुठल्याही यादीत नाव दिलं नव्हतं. गणपतीच्या नाही, सहलीच्या नाही, पाण्याच्या टाकीच्या तक्रारीच्यासुद्धा नाही. या यादीत मात्र पहिली सही त्यांची होती. सिंधूच्या कांदापातीच्या वड्या आणि द्राक्षांची फिरनी तिच्या नावाने छापून यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांची मुलगी योगिनी कामावरून आली. ती अंबडच्या एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती आणि दिवसभर कुठल्या गोळीत काय किती आहे ते मोजत असे.

“योगिनी, एक पेला म्हणजे किती मिली गं?”

“कुणाचा पेला?”

“तेच तर. जहिदाचा.”

योगिनीने पर्स खाली ठेवली आणि डायरी हातात घेतली. शेखररावांच्या कारखान्याने १९९७ साली कामगारांना दिलेली डायरी होती ती. फेब्रुवारीच्या पानावर आईचं तिरपं अक्षर : ‘द्राक्षांची फिरनी (जहिदाकडची). जहिदाच्या पेल्याने चार पेले दूध. कुसाबाईच्या वाटीने अर्धी वाटी तांदूळ, भिजवून वाटणे. त्याच वाटीने शिगोशीग दोन वाट्या द्राक्षं, साखरेत आटवून, गार करून मगच घालणे. नाहीतर फाटतं.’ समोरच्या पानावर : ‘कांदापातीच्या वड्या. नेहमीच्या मापाने बेसन दोन, ज्वारीचं पीठ एक. पात मावेल तेवढी.’

“नेहमीचं माप कुठलं?”

“ते तिला माहीत होतं.”

“आणि ही फिरनी ‘जहिदाकडची’ असं का लिहिलंय?”

“तिच्याकडे बसून लिहिली असेल,” शेखरराव जरा घाईने म्हणाले. “तू माप बघ.”

मापाचा इतिहास असा होता. योगिनी शाळेत जाईपर्यंत देवरे कुटुंब सिडकोतल्या एका ओळीत राहत होतं. सहा घरं, त्यांतली दोन जहिदा आणि कुसाबाईंची. मधल्या भिंती सामाईक, मागच्या अंगणांच्या भिंती कमरेएवढ्या. एकीने फोडणी टाकली की सहाही घरांना ठसका लागे. त्या भिंतींवरून दिवसभर भांडी ये-जा करत. भांडं भरून आलं की भरूनच परत जायचं, रिकामं नाही. त्यामुळे कुठल्याही दिवशी कुठल्याही घरातली निम्मी भांडी दुसऱ्यांची असत. ती ओळखू यावीत म्हणून प्रत्येकीने दुकानातच भांड्यावर नाव घालून घेतलेलं. स्वयंपाकाच्या वेळी जे भांडं फळीवर असेल, ते माप. सिंधूने वहीत प्रामाणिकपणे तेच लिहिलं होतं. घर बदलताना तिने सगळ्यांची सगळी भांडी, अर्थात भरून, परत केली होती.

“पप्पा, साधारण पेला दोनशे मिली, वाटी दीडशे. धरून चालू.”

धरून चालल्यावर गुरुवारी दूध फाटलं. द्राक्षांचं आंबट आणि दूध यांच्यामध्ये तांदळाच्या पिठाचा जो बंदोबस्त लागतो, तो कमी पडला होता, हे योगिनीने पातेल्यात बघूनच सांगितलं.

“हे पनीर झालं,” शेखरराव म्हणाले.

शुक्रवारी तिने वाटी दोनशेची धरली. दूध फाटलं नाही. पण फिरनीत चमचा उभा राहिला आणि उभाच राहिला. शेखररावांनी भांडं उलटं करून पाहिलं, तरी फिरनी खाली आली नाही.

“हिच्याने पोस्टर चिकटतील. वड्यांचं काय?”

“वड्या तेलात गेल्या.”

“मग?”

“गेल्याच, पप्पा. विरघळल्या. बेसन किती ते आपल्याला ठाऊकच नाही.”

शेखरराव एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक भांडणाचं मूळ एकच होतं : मूळ गेज, म्हणजे मापाचा नमुना, न बघता बोलणं. शनिवारी सकाळी त्यांनी शर्टाच्या खिशात मिलिमीटरचे अंश मोजणारा व्हर्नियर घातला, योगिनीने कॉलेजचं मापन-पात्र रुमालात गुंडाळून घेतलं आणि दोघं स्कूटरवर सिडकोत गेले.

ओळीतली चार घरं विकली गेली होती. त्यांच्यावर मजले चढले होते, पुढे लोखंडी जाळ्या आल्या होत्या. मधली दोन तशीच होती. कुसाबाई ऐंशीच्या घरात आल्या होत्या. दारातच बसून कांद्याची पात निवडत होत्या.

“कोण? शेखर? आरं, तुझं घर हितं व्हतं हे ध्यानात हाय का तुझ्या?”

“आहे ना, मावशी.”

“मग तीन वर्सं वाट चुकला व्हय? आनि ही योगिनी का? लय उंच झाली गं. च्या टाकते, बसा.”

“मावशी, चहा नको. तुमची वाटी हवी होती.”

कुसाबाईंनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. “घरात वाट्या नाय का राहिल्या?”

योगिनीने डायरीतलं वाचून दाखवलं. कुसाबाई ऐकत राहिल्या. ‘कुसाबाईच्या वाटीने’ हे शब्द त्यांनी तिच्याकडून दोनदा वाचून घेतले. मग आत जाऊन सहा वाट्या आणल्या. सहाही वाट्यांवर ‘कुसाबाई’ असं कोरलेलं होतं. चार मोठ्या, दोन लहान.

“यातली कुठली?” शेखररावांनी विचारलं.

“मला काय ठावं? सिंधू नेईल ती. जहिदे! ए जहिदे! हिकडं ये!”

मागच्या भिंतीपलीकडून जहिदा आल्या. चष्मा कपाळावर, हाताला पीठ. “शेखरभाई! या अल्ला, केवढे वाळले तुम्ही. बेटा, जेवायला देत नाहीस का यांना?” सगळा प्रकार ऐकल्यावर त्यांनी वाट्यांकडे नुसता हात फिरवला, अंगठ्याने चाचपलं आणि एक लहान वाटी उचलली. तिच्या एका अंगाला पोचा होता. “ही. सिंधू हीच न्यायची. अंगठा बरोबर इथे बसतो.”

शेखररावांनी व्हर्नियर काढला. “पोचा तीन पूर्णांक दोन मिलिमीटर खोल.”

“म्हणजे वाटीत दोनेक मिली कमी मावणार,” योगिनी म्हणाली. “पण पोचा सत्त्याण्णवच्या आधीचा की नंतरचा?”

“त्यानं काय व्हतंय?” कुसाबाई म्हणाल्या.

“मावशी, आईने माप लिहिलं तेव्हा पोचा असेल तर तो मापात धरायला हवा. नंतर पडला असेल तर वजा करायला हवा.”

“पोचा तुझ्या आईनंच पाडला. हिची नि माझी वाटी एकमेकीत घट्ट अडकली, तर तिनं हंड्याच्या काठावर आपटली.”

“कधी?”

“हिरामणच्या बारशाला. घुगऱ्या वाटत व्हतो.”

“हिरामण केवढा आता?”

कुसाबाईंना नातवाचं वय नक्की सांगता येईना. जहिदा म्हणाल्या तीस, कुसाबाई म्हणाल्या अठ्ठावीस. अठ्ठावीस असेल तर पोचा डायरीनंतरचा. शेवटी शेखररावांनी हिरामणला फोन लावला. तो कळवणला बाजार समितीत कामाला होता आणि मागे लिलाव चालू होता.

“आज्जी बरी हाय ना?” तो घाबरून ओरडला.

“बरी आहे. तुझं वय किती?”

“काय?”

“वय! तुझं!”

“एकतीस! का हो? स्थळ आहे का?”

“नाही, पोचा आहे,” असं म्हणून शेखररावांनी फोन ठेवला. “डायरीच्या आधीचा. मापात धरायचा.”

हा प्रश्न सुटल्यामुळे खूश होऊन योगिनीने मापन-पात्र काढलं आणि वाटीत पाणी ओतायला तांब्या उचलला. कुसाबाईंनी वाटी झटकन काढून घेतली.

“पानी? माझ्या दारातून वाटी पान्याची जाईल? सिंधूच्या पोरीच्या हातात?” त्या आत गेल्या आणि वाटी शेंगदाण्याच्या चटणीने गच्च भरून घेऊन आल्या. चटणी तळहाताने दाबलेलीही होती.

“मावशी, आम्हाला फक्त किती मावतं ते बघायचंय. चटणी मी पिशवीत काढून घेते ना.”

“पिशवीत!” कुसाबाईंनी जहिदाकडे पाहिलं. जहिदांनी मान हलवली. शिकलेल्या मुलींचं असंच असतं, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता. मग त्या स्वतःच्या घरी जाऊन त्यांचा पेला घेऊन आल्या. उंच, जाड बुडाचा, ‘जहिदा’ असं कोरलेला. तो लिंबाच्या लोणच्याने काठोकाठ भरलेला होता. “खाली ग्लास कसा देऊ, बेटा? अच्छं नाही दिसत.”

मापं समोर होती आणि दोन्ही मोजता येत नव्हती.

“आणि वड्यांचं ‘नेहमीचं माप’?” शेखररावांनी आशा न ठेवता विचारलं.

“थांबा.” जहिदांनी एक जुनी शंभर पानी वही आणली. मराठी शाळेत शिकल्यामुळे त्या मराठीतच लिहीत. पान काढून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “कांदापातीच्या वड्या. सिंधूच्या झाकणाने दोन झाकणं बेसन, एक झाकण ज्वारीचं पीठ.” वही मिटून त्या म्हणाल्या, “तुम्ही इथून गेल्यापासून माझ्या वड्या तुटतात, शेखरभाई. झाकण तुमच्याकडे गेलं ना. मी वाटीने करून पाहिलं, कपाने करून पाहिलं. ओवेस म्हणतो, अम्मी, ह्या वड्या नाहीत, चुरा आहे. कुठंय झाकण?”

शेखररावांनी आठवून पाहिलं. डबा सामान हलवताना हरवला होता. झाकण होतं. रोज रात्री ते तेच विरजणावर ठेवत होते. त्यावर ‘सिंधू’ एवढंच कोरलेलं होतं. पूर्ण नाव मावलं नव्हतं.

“म्हणजे माझ्या आईच्या वहीत तुमची मापं,” योगिनी सावकाश म्हणाली, “आणि तुमच्या वहीत आईचं माप. एकीचं काढायला दुसरी लागते, दुसरीचं काढायला पहिली.”

“मग?” कुसाबाई म्हणाल्या. “एकटीचं कुनाचं काय असतं का? आमी उद्या येतो दोघी. वाटी-पेला घेऊन. तू दूध आनून ठेव.”

रविवारी दुपारी बारा वाजता रिक्षा थांबली. कुसाबाई वाटी पदराखाली धरून उतरल्या, जहिदांच्या पिशवीत पेला होता आणि हातात वही. शेखररावांच्या स्वयंपाकघरात तीन वर्षांत कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज झाला नव्हता. पाच मिनिटांत तिथे दोघींना जागा पुरेनाशी झाली.

“मीठ कुठं ठेवलं?”

“वरच्या फळीवर.”

“वर? सिंधू हितं डाव्या हाताला ठेवायची. इकडं आन.”

“शेखरभाई, हे तिखट कोणी आणलं? रंग आहे, तिखट कुठंय?”

योगिनीने ओट्याच्या कोपऱ्यात वजनकाटा मांडला. आता वाटी अखेर रिकामी होती, पेलाही. पण कुसाबाई तिच्या हातात काही देईनात. त्या स्वतः द्राक्षं भरत आणि योगिनी फक्त वजन करी. पहिली शिगोशीग वाटी एकशे बेचाळीस ग्रॅम भरली. दुसरी एकशे एक्कावन्न. ती पुन्हा भरायला लावली तर एकशे अडतीस.

“मावशी, माप एकच आणि आकडे तीन.”

“पयल्या वाटीत बारीक मणी आले. दुसरी गोड हाय म्हनून जास्त घेतली. तिसरी तू मागं लागली म्हनून.”

“नोंद काय करू, पप्पा?”

“सरासरी लिही,” शेखरराव म्हणाले, “आणि पुढे अधिक-उणे लिही.” एकतीस वर्षांत त्यांनी इतका मोठा फरक कधी पास केला नव्हता. पण पातेल्यात वास बदलला होता आणि त्यांचं लक्ष काट्यावर राहिलं नव्हतं.

वड्या झाकणाने मोजून झाल्या. उकडल्या, कापल्या, तेलात सोडल्या आणि एकही विरघळली नाही. जहिदांनी पहिली वडी तोडून पाहिली, डोळे मिटून खाल्ली आणि झाकण हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. फिरनी गार झाल्यावर तिच्यात द्राक्षं गेली. फाटली नाही, घट्टही झाली नाही. कुसाबाईंनी पेल्यात थोडी काढून शेखररावांपुढे धरली.

शेखररावांनी एक घोट घेतला. मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि पेला संपेपर्यंत वळले नाहीत.

“मीठ कमी आहे का?” योगिनीने विचारलं.

“फिरनीत मीठ नसतं,” ते पाठमोरेच म्हणाले. मग वळले. “हीच. सिंधूची फिरनी हीच.”

“हो ना. अगदी तिचीच,” जहिदा म्हणाल्या. “म्हणजे, तांदळाची फिरनी माझ्या अम्मीची, मालेगावची. पण साधी. द्राक्षं घालायचं डोकं कुसाबाईंचं.”

“माझं?” कुसाबाई म्हणाल्या. “माझ्या भावाच्या बागंतली फुटकी द्राक्षं यायची, ती मी निस्ती भिंतीवर ठिवायची. खिरीत घातली सिंधूनं.”

“नाही हो, सिंधू म्हणायची दूध फाटेल. आधी साखरेत आटवा हे तुम्ही सांगितलं.”

“मी? ते तू सांगितलं!”

शेखररावांच्या हातातला पेला खाली आला. डायरीतलं ‘जहिदाकडची’ त्यांना आठवलं. “आणि वड्या?”

“वड्या कुसाबाईंच्या,” जहिदा म्हणाल्या.

“वड्या हिच्या,” कुसाबाई म्हणाल्या. “आमी पातीची भाजी करनारी मानसं. वड्या कुठल्या?”

योगिनीने लॅपटॉपवर तक्ता करत आणला होता : पदार्थ, मूळ कोणाचा, कोणाकडून कोणाला. तिने प्रत्येकीचं म्हणणं बाणांनी जोडलं. बाण सिंधूकडून जहिदाकडे, जहिदाकडून कुसाबाईकडे, कुसाबाईकडून पुन्हा सिंधूकडे गेले. तिने दोनदा तपासलं.

“पप्पा, सुरुवातच सापडत नाही.”

“आरं, सिंधूचं नाव लिव की,” कुसाबाई म्हणाल्या. “आमी काय भांडायला येतोय का?”

“लिहा, शेखरभाई. आमची मर्जी आहे.”

पाच वाजता हॉलमध्ये चोवीस स्टार्टर आणि चोवीस गोड पदार्थ मांडलेले होते. पेरूचं रायतं तीन घरांनी आणलं होतं. प्रफुल्ल समितीसह एकेका टेबलापाशी येत होता. देवऱ्यांच्या टेबलापाशी तो थांबला, एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी खिशातल्या रुमालात ठेवली. मग फिरनी खाल्ली आणि फॉर्म मागितला.

शेखररावांनी फॉर्म समोर धरला, पण सोडला नाही. सरळ, एका उंचीच्या अक्षरांतलं नाव तिथे होतं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग खिशातून पेन काढून त्यावर एक आडवी रेघ मारली आणि फॉर्म दिला.

“काका, नाव खोडलंत?”

“एकीचं नाही ते. तिघींचं आहे. चौथा एक भाऊ आहे द्राक्षवाला, आणि मालेगावच्या एक अम्मी.”

“पण रकान्यात एकच नाव बसतं, काका. कुणाचंही लिहा ना! कोण तपासणार आहे?”

“मी,” शेखरराव म्हणाले. “ड्रॉइंगमध्ये नाही ते मी पास करत नाही.”

“मग छापता नाही येणार. नियम सगळ्यांना सारखा ठेवावा लागतो.”

“नका छापू.”

योगिनीला वडिलांचा हात धरावासा वाटला. पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, कारखान्यात एखादा अख्खा लॉट परत पाठवताना बांधायचे तसे. चार दिवस, दोन पातेली आणि तीन वर्षांनी भरलेलं एक घर, एवढं करून पुस्तिकेत सिंधूचं नाव येणार नव्हतं. कुसाबाई जहिदांच्या कानात म्हणाल्या, “हा पयल्यापासून असाच. खरं बोलून नुसकान करून घेतो.”

तेवढ्यात पलीकडच्या टेबलापाशी आवाज चढले. चौथ्या मजल्यावरच्या आरोहीने शेजारच्या काकूंच्या फॉर्मप्रमाणे पपईची बर्फी करून पाहिली होती आणि ती ताटाला धरून बसली होती.

“तुम्ही दोन वाट्या साखर लिहिलीय, काकू!”

“माझी वाटी लहान आहे!”

“मग तसं लिहायचं ना!”

“तुझी एवढी मोठी असेल मला काय माहीत?”

प्रफुल्लने फॉर्मचा गठ्ठा उघडला. ‘साहित्य (ग्रॅम / मिली)’ या रकान्यात दुसऱ्या कुणीच आकडा लिहिला नव्हता. सोळा जणींनी ‘वाटी’ लिहिली होती, चौघींनी ‘अंदाजे’, दोघींनी ‘तुमच्या आवडीप्रमाणे’ आणि एका काकांनी ‘बायकोला विचारणे’. आता सगळ्याच आपापल्या वाटीची उंची हाताने दाखवू लागल्या.

“शांत व्हा!” प्रफुल्ल ओरडला. “सगळ्यांचं एकच माप ठरवू. एकच भांडं प्रत्येकाच्या घरी फिरवू, त्यानेच मोजा, तेच छापू. कुणाकडे आहे भांडं?”

कुसाबाईंनी वाटी पदराखाली घेतली. जहिदांनी पेला पिशवीत टाकला. टेबलावर वड्यांच्या ताटाशेजारी बेसन लागलेलं झाकण तेवढं उरलं. प्रफुल्लने ते उचललं, काठ पाहिला, तळ पाहिला, अंगठ्याने पीठ पुसलं.

“हे बरंय. फार मोठं नाही, लहान नाही. कुणाचं आहे?”

शेखरराव काही बोलायच्या आत तो ते घेऊन आरोहीच्या टेबलाकडे गेलाही होता.

पुढचे बारा दिवस झाकण सोसायटीत फिरत राहिलं. शेखररावांनी विरजणावर ताटली ठेवायला सुरुवात केली. रोज कुणीतरी बेल वाजवून सांगत असे : काका, झाकण आमच्याकडे आलंय बरं का. काका, झाकण बी विंगला गेलं. काका, हे आमचं चिकूचं झालं, चाखून बघा, दीड झाकण साखर पुरे की पावणेदोन? जी माणसं तीन वर्षं लिफ्टमध्ये नुसती मान हलवत होती, ती वाटीभर काहीतरी घेऊन दारात उभी राहत. दर दोन-तीन दिवसांनी जहिदांच्या ओवेसची रिक्षा येई आणि शेखरराव सिडकोत जात. झाकण नसल्यामुळे तिथे वड्या होत नसत, मग भजी खाऊन परत येत.

तेराव्या दिवशी प्रफुल्ल छापायच्या आधीची पानं घेऊन आला. “काका, तुम्ही तपासणी खात्यातले. एकदा नजर घाला. चुका राहायला नकोत.”

शेखररावांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि पहिलं पान उघडलं. योगिनी खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पान एक, पपईची बर्फी : सिंधूच्या झाकणाने दोन झाकणं पपईचा गर. पान दोन, मक्याचे कबाब : सिंधूच्या झाकणाने तीन झाकणं दाणे. पान तीन, पेरूचं रायतं. पान चार, पुन्हा पेरूचं रायतं. ते पान उलटत गेले. दुसऱ्या बायकांच्या, सिंधूने कधीही न केलेल्या पदार्थांत, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिचं नाव होतं. शेहेचाळीस पानं.

“आपली फिरनी नाही यात,” योगिनी हळूच म्हणाली.

“नसू दे.”

“पप्पा, आमच्याकडे शास्त्रात शोध पुष्कळांच्या नावावर असतात. एकक फार थोड्यांच्या नावावर असतं.”

 शेखरराव पुन्हा पहिल्या पानावर गेले होते. तिथे चौकटीत प्रफुल्लने आदराने एक टीप घातली होती : ‘या पुस्तिकेतील सर्व मापे कै. सौ. सिंधू शेखर देवरे यांच्या झाकणाने घेतलेली आहेत.’

“प्रफुल्ल, झाकण आत्ता कुठंय?”

“आरोहीकडे, काका. सीताफळाचं काहीतरी करतेय म्हणाली. उद्या तिसऱ्या मजल्यावर जाणार आहे. का हो?”

शेखररावांनी लाल पेनाने ‘कै.’ला गोल केला, त्यावर काट मारली आणि पानं त्याच्या हातात दिली.

“बाकी सगळं बरोबर आहे. एवढं काढा. माप चालू आहे.”